वंशद्वेषाविरुद्ध कायदा हवा, आणि तो महाराष्ट्राने करावा

भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३चे दुसरे पोटकलम एकदा शांतपणे वाचावे. पाच किंवा त्याहून जास्त जणांनी संगनमताने, वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून कोणाचा खून केला, तर त्यातल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. कलम ११७च्या चौथ्या पोटकलमातही हीच कारणे येतात. तिथे गुन्हा जबर दुखापतीचा आणि शिक्षा सात वर्षांपर्यंतची. १ जुलै २०२४पासून हा कायदा देशभर लागू आहे. झुंडीने जीव घेण्याच्या प्रकारांना चाप बसावा म्हणून ही तरतूद आली आणि ती यायलाच हवी होती. पण तिचा अर्थ नीट लावला तर असे दिसते, की एखाद्याच्या वंशावरून त्याला छळणे हा वेगळा आणि गंभीर गुन्हा ठरायला किमान पाच हल्लेखोर लागतात, आणि त्यांनी निदान हाड मोडण्याइतकी मारहाण केलेली असावी लागते.

त्याच्या अलीकडे जे घडते त्याचे काय? भर बाजारात तोंडावर मारलेली हाक, भाड्याचे घर नाकारणे, अंगावर थुंकणे, तक्रार घेऊन गेलेल्या मुलीला ‘समजुतीने घ्या’ म्हणून परत पाठवणे, यांचे काय? संहितेत कलम १९६ आहे, त्यात वंशाचा उल्लेखही आहे. पण ते दोन समूहांमध्ये तेढ पसरवण्याविरुद्धचे कलम आहे. भाषणाला, पत्रकाला, समाजमाध्यमांवरच्या चिथावणीला ते लावता येते, आणि खटला चालवायला आधी सरकारची मंजुरी लागते. भाजीवाल्याने किंवा घरमालकाने एकट्या मुलीचा केलेला अपमान त्यात सहसा बसत नाही. ईशान्य भारतातून आलेले, लडाखमधून आलेले, दार्जिलिंगचे गोरखे, कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातले आफ्रिकी वंशाचे सिद्दी, आफ्रिकेतून शिकायला आलेले विद्यार्थी, ही सगळी माणसे रोज जगतात ती या मोकळ्या सोडलेल्या पट्ट्यात. हा पट्टा कायद्याने भरला पाहिजे, आणि दिल्लीची वाट न पाहता महाराष्ट्राने स्वतःच्या विधिमंडळात तो भरावा, असे माझे ठाम मत आहे.

दिल्लीची वाट पाहून काय मिळाले ते आधी सांगते. २९ जानेवारी २०१४ रोजी अरुणाचल प्रदेशातला निडो तानिया नावाचा कॉलेजात शिकणारा मुलगा मित्रांबरोबर दिल्लीच्या लाजपतनगरमध्ये एक पत्ता शोधत होता. पत्ता विचारायला तो एका दुकानापाशी थांबला. त्याचे रंगवलेले केस आणि चेहरा पाहून दुकानातल्यांनी टिंगल सुरू केली. त्याने चिडून दुकानाची काच फोडली. त्याला मारहाण झाली. पोलीस आले, दोन्ही बाजूंना घेऊन गेले, तडजोड झाली आणि मुलाला त्याच भागात परत आणून सोडले. दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. त्याचे वडील अरुणाचलच्या विधानसभेचे आमदार होते, म्हणून संसदेपर्यंत आवाज गेला. आमदाराचा मुलगा नसता, तर एका हाणामारीची नोंद आणि पुढे एक बंद फाइल एवढेच उरले असते, असे मला वाटते.

या प्रकरणातल्या पोलिसी तडजोडीवर फारसे कोणी बोलत नाही, पण मला सगळ्यात महत्त्वाची तीच वाटते. पोलिसांना समोर फुटलेली काच दिसली. काच कशामुळे फुटली, आधी काय बोलले गेले, याला त्यांच्या लेखी काही वजन नव्हते, कारण त्या बोलण्याला कायद्यात नावच नव्हते. काच फोडणे हा गुन्हा होता. चेहऱ्यावरून एखाद्याला पन्नास लोकांसमोर हिणवणे ही थट्टा होती. मग ‘दोघांचेही चुकले’ असा हिशेब मांडून प्रकरण मिटवणे त्यांना रास्त वाटले.

यानंतर केंद्र सरकारने ईशान्य परिषदेचे सदस्य एम. पी. बेझबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने जुलै २०१४मध्ये अहवाल दिला. त्यात दंडसंहितेत १५३ क आणि ५०९ अ अशी दोन नवी कलमे घालावीत अशी नेमकी शिफारस होती: वंशावरून अपमान करणारे शब्द, हावभाव वा कृती हा गुन्हा ठरावा, पाच आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा असावी. पोलिसांचे खास पथक, मदतवाहिनी, पाठ्यपुस्तकांत ईशान्येचा इतिहास, अशाही सूचना होत्या. पथक झाले, दिल्लीत १०९३ ही मदतवाहिनी सुरू झाली. कलमांबाबत राज्यांची मते मागवली गेली आणि विषय तिथेच रुतला. डिसेंबर २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्मा दोरजी यांच्या याचिकेवर निकाल देताना केंद्राला कायमस्वरूपी देखरेख समिती नेमायला सांगितले. ती नेमलीही गेली. पण कलमे आली नाहीत. मग २०२३मध्ये संपूर्ण दंडसंहिताच नव्याने लिहिली गेली, तीच आजची भारतीय न्याय संहिता. प्रत्येक कलम पुन्हा मांडले जात होते, क्रमांक बदलले जात होते. तयार मसुदा हाताशी असताना ही दोन कलमे त्यात घालायला काही अडचण नव्हती. घातली गेली नाहीत. त्या संधीचे वाईट वाटते, कारण अशी संधी शतकातून एकदा येते.

कलमे का येत नाहीत, याचे माझ्या मते एकच खरे कारण आहे: आपल्याकडे वंशद्वेष आहे हेच सरकारांना, कोणत्याही पक्षाच्या, मान्य करायचे नसते. ३१ जानेवारी २०१६ रोजी बंगळूरुच्या हेसरघट्टा भागात एका सुदानी विद्यार्थ्याच्या गाडीखाली एक महिला मरण पावली. थोड्या वेळाने टांझानियाची एक विद्यार्थिनी मित्रांबरोबर तिथून गाडीने जात होती. तिचा त्या अपघाताशी काडीचाही संबंध नव्हता. जमावाने तिला गाडीतून ओढून मारले, तिचे कपडे फाडले, गाडी जाळली. अपघात केला एकाने आणि मार खाल्ला दुसरीने. दोघांचे देश वेगळे, दोघांची ओळखदेखील नाही. दोघांमध्ये समान होता तो कातडीचा रंग. वंशद्वेषाचे याहून उघड उदाहरण मला सापडत नाही. तरी राज्याचे गृहमंत्री म्हणाले, हा वंशद्वेष नाही, अपघातावरची प्रतिक्रिया आहे. तेव्हा कर्नाटकात काँग्रेसचे सरकार होते. पुढच्या वर्षी मार्च २०१७मध्ये ग्रेटर नोएडात एका शाळकरी मुलाच्या मृत्यूचा संशय नायजेरियन विद्यार्थ्यांवर घेतला गेला, ते माणसे खातात अशी अफवाही पसरली आणि मॉलमध्ये आफ्रिकी तरुणांना खुर्च्यांनी मारहाण झाली. भारतातल्या आफ्रिकी देशांच्या राजदूतांनी एकत्र निवेदन काढून याला वंशद्वेषी म्हटले. केंद्रात आणि उत्तर प्रदेशात भाजपचे सरकार होते. केंद्राने तो शब्द मान्य केला नाही. त्याच सुमारास भाजपचे माजी खासदार तरुण विजय यांनी दूरचित्रवाणीवर सांगितले, की आपण वंशद्वेषी असतो तर दक्षिण भारतीयांसोबत कसे राहिलो असतो. आपल्या आजूबाजूला काळे लोक आहेतच की. नंतर त्यांनी माफी मागितली. पण त्या एका वाक्यात ‘आपण’ म्हणजे कोण आणि ‘ते’ म्हणजे कोण हे सगळे आले होते.

आणि हे जुने झाले असे कोणी समजू नये. डिसेंबर २०२५मध्ये देहरादूनमध्ये शिकणाऱ्या त्रिपुराच्या एका चकमा तरुणावर हल्ला झाला, आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ रुग्णालयात झुंजून तो गेला. चेहऱ्यावरून शिवीगाळ झाली आणि तिथून भांडण पेटले असे कुटुंबाचे म्हणणे. वंशद्वेषाचा पुरावा मिळालेला नाही असे पोलिसांचे म्हणणे. लाजपतनगरनंतर बारा वर्षांनीही वाद त्याच जागी अडकलेला आहे. शिवीची नोंद घेण्याचे बंधनच पोलिसांवर नाही, तर पुरावा येणार कुठून?

या देशात हा रोग जागोजागी वेगळ्या रूपात दिसतो, आणि त्यामुळे प्रत्येक प्रांताला तो दुसऱ्याच्या घरातला वाटतो. दिल्लीत तो घरमालक आणि रस्त्यावरच्या टोळक्यांच्या रूपात भेटतो. २००७मध्ये दिल्ली पोलिसांनीच ईशान्येच्या विद्यार्थ्यांसाठी सुरक्षिततेची पुस्तिका काढली. तिच्यात कपडे नीट घाला, आणि आखुनी किंवा बांबूचे कोंब यांसारखे वासाचे पदार्थ शेजारी तंटा होणार नाही अशा बेताने शिजवा, असे सल्ले होते. गोव्यात २०१३मध्ये एका नायजेरियन माणसाच्या खुनानंतर त्याच्या देशबांधवांनी महामार्ग अडवला, तेव्हा राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियनांची तुलना कर्करोगाशी केली. दक्षिणेत आणि आपल्याकडे तो सावळ्या मुलीच्या लग्नाच्या जाहिरातीत असतो. त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे.

ईशान्य भारत स्वतः यातून सुटलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. शिलाँगमध्ये १९७९पासून बंगाली आणि नेपाळी रहिवाशांवर हल्ल्यांच्या लाटा येऊन गेल्या. आणि एका प्रांतातली आग दुसऱ्या प्रांतात कशी पोचते हे पाहायचे तर नोव्हेंबर २००३ आठवावा. गुवाहाटीत रेल्वेच्या चतुर्थ श्रेणीच्या भरतीसाठी बिहारमधून आलेल्या उमेदवारांना परीक्षेला बसू दिले नाही. त्याचा सूड म्हणून बिहारमधून जाणाऱ्या गाड्यांमध्ये ईशान्येकडच्या प्रवाशांना मारहाण झाली, बायकांवर हात टाकले गेले. त्या प्रवाशांनी कोणाची परीक्षा अडवली नव्हती. त्यांचा चेहरा पुरेसा होता. मग आसाममध्ये हिंदी बोलणाऱ्या मजुरांच्या हत्या सुरू झाल्या, त्यांत डझनावारी माणसे गेली. तीही वीटभट्टीवर आणि चहाच्या टपरीवर पोट भरणारी, परीक्षेशी संबंध नसलेली. यानंतर पाच वर्षांनी, ऑक्टोबर २००८मध्ये, मुंबईत रेल्वेभरतीच्या परीक्षा केंद्रांवर उत्तर भारतीय उमेदवारांना मारले गेले. दोन्ही ठिकाणी मूळ तक्रार नोकऱ्यांची होती, ती खोटीही नव्हती. भरती कशी होते, स्थानिकांना जाहिराती वेळेवर कळतात का, हे विचारायलाच हवे होते. पण भरती मंडळाला जाब विचारण्यापेक्षा रांगेत उभ्या असलेल्या परक्या पोराला मारणे सोपे जाते.

आता महाराष्ट्र. ऑगस्ट २०१२मध्ये आसामच्या कोक्राझार भागातल्या बोडो-मुसलमान हिंसाचाराचे पडसाद पुण्यात उमटले, ईशान्येकडच्या तरुणांवर हल्ले झाले. मग मोबाइलवर संदेश फिरू लागले, की ईदनंतर तुम्हाला सोडणार नाही. बंगळूरुहून गुवाहाटीला खास गाड्या सोडाव्या लागल्या. पुणे स्टेशनवरही बॅगा घेतलेल्या मुलामुलींची रीघ लागली. देशभर एकगठ्ठा संदेश पाठवण्यावर बंदी आली, दिवसाला पाचच संदेश पाठवता येतील असा नियम काही दिवस होता. पुणे हे विद्यार्थ्यांचे शहर, पूर्वेचे ऑक्सफर्ड, असे आपण अभिमानाने सांगतो. त्या शहरातून हजारो मुले जीव मुठीत घेऊन पळाली, आणि आपल्या सार्वजनिक आठवणीत त्याला आज जागा नाही. कोणत्या वर्षी काय झाले हे पुण्यातल्या तरुणांना विचारून पाहा.

२०२०च्या साथीत मुंबईत सांताक्रूझ-कलिना भागात मणिपूरच्या एका तरुणीवर दुचाकीस्वार थुंकून गेला. तेव्हा देशभर या मुलामुलींना ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या जात होत्या. केंद्रीय गृहमंत्रालयाला मार्चमध्येच राज्यांना त्याबद्दल पत्र लिहावे लागले होते. त्याच वेळी आपल्या शहरांतल्या अतिदक्षता विभागांत मणिपूरच्या आणि मिझोरामच्या परिचारिका आपल्या माणसांना कुशीवर वळवत होत्या.

माझ्या सासूबाईंची अशीच सेवा केलेली एक मिझो परिचारिका पुढे आमच्या घरी येऊ-जाऊ लागली. रुग्णालयाच्या जवळ तिला एक खोली-स्वयंपाकघर हवे होते. मी ओळखीच्या एजंटला फोन केला. आधी सगळे सोपे होते: जागा आहे, मालक चांगले आहेत, नर्स म्हटल्यावर तर उत्तमच. मग त्याने नाव विचारले, गाव विचारले, आणि जरा थांबून म्हणाला, “म्हणजे त्या साइडची का? मॅडम, ओनरशी बोलून सांगतो.” संध्याकाळी निरोप आला, की सोसायटीत वासाचा प्रॉब्लेम होतो आणि त्या मुलींकडे मित्र फार येतात. ती मुलगी रात्रपाळी करून येते आणि दिवसा झोपते. तिच्याकडे यायला मित्रांना वेळ कुठून असणार? मी संतापले, ती संतापली नाही. तिच्याजवळ पद्धत ठरलेली होती. म्हणाली, “आंटी, आधी माझी सॅलरी स्लिप पाठवा, मग हॉस्पिटलचं पत्र. फोटो मागितला तरच द्या, आणि नाव सगळ्यात शेवटी.” बाविशी-तेविशीतल्या मुलीने स्वतःचा चेहरा कागदांच्या तळाशी ठेवायला शिकणे, हे मला आजही सहन होत नाही. शेवटी जागा मिळाली, इतरांपेक्षा दुप्पट डिपॉझिट भरून.

हे वाचताना मराठी वाचकाला मुलुंड आठवावे. सप्टेंबर २०२३मध्ये तिथल्या एका इमारतीत ‘महाराष्ट्रीयन लोकांना जागा देत नाही’ असे एका मराठी बाईला तोंडावर सांगितले गेले. तिचा व्हिडिओ राज्यभर फिरला, सगळे पक्ष खवळले, आणि खवळणे योग्यच होते. सुकट-बोंबिलाच्या वासावरून कोकणी माणसाला मुंबईत घर नाकारले जाते, हे आपल्याला ठाऊक आहे. मुसलमान आणि दलित भाडेकरूंना काय ऐकावे लागते तेही. तरीही, भाड्याचे घर वंशावरून, जातीवरून किंवा भाषेवरून नाकारणे हा आपल्या देशात सहसा गुन्हा नाही. राज्यघटनेचे पंधरावे कलम शासनाला भेदभाव करू देत नाही. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी यांनाही ते लागू आहे. खासगी घरमालक त्याच्या कक्षेत थेट येत नाही. २००५मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तर संस्थेला सदस्यत्व एकाच समाजापुरते ठेवण्याची मुभा दिली. मुलुंडच्या प्रकरणात लोकक्षोभ होता, पक्ष होते, म्हणून माफी मिळाली. मिझो परिचारिकेच्या मागे कोणता पक्ष उभा राहणार? तिचे तर इथे मतही नाही.

अनेक भली माणसे म्हणतात, हे सगळे अज्ञानातून होते. लोकांना ईशान्येची माहिती द्या, महोत्सव भरवा, धडे घाला, हळूहळू सुधारेल. धडे घालावेत, मला ते हवेच आहेत. पण माहितीने द्वेष जातो यावर माझा विश्वास नाही, आणि त्याचे कारण आपल्याच इतिहासात आहे. मलिक अंबर हबशी होता, इथिओपियातून गुलाम म्हणून विकला जाऊन दख्खनला आला, निजामशाहीचा वजीर झाला. १६१०मध्ये त्याने खडकी वसवली, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. त्याची जमीनमहसुलाची पद्धत आपण शाळेत शिकतो. १६२४च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने मुघल आणि आदिलशाही फौजांविरुद्ध लढले, त्यांचे धाकटे बंधू शरीफजीराजे तिथे कामी आले. खुलदाबादला त्याची कबर आहे. आफ्रिकी माणसाबद्दल एवढी माहिती, एवढे जवळचे नाते भारतातल्या फार थोड्या समाजांना असेल. त्या माहितीमुळे पुण्यात शिकणाऱ्या सुदानी किंवा नायजेरियन मुलाला घर सहज मिळते का? पलीकडे उत्तर कन्नडात यल्लापूर, हल्याळकडे सिद्दी शेकडो वर्षे राहतात, कोकणी-मराठी-कन्नड बोलतात, २००३मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, २०२०मध्ये त्यांच्यातले शांताराम सिद्दी विधान परिषदेवर गेले. तरीही गावाबाहेर पडलेल्या सिद्दी तरुणाला ‘कोणत्या देशाचा’ हा प्रश्न चुकत नाही. एजंटला मिझोराम भारतात आहे हे पक्के माहीत होते. नकार देताना त्याला भीती वाटावी असे काहीच नव्हते, आणि धडा तिथे कमी पडतो.

मग अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे ना, असे वकील मंडळी विचारतात. आहे, आणि त्याचा उपयोग व्हायलाच हवा. २०१२मध्ये केंद्राने राज्यांना कळवले होते, की ईशान्येच्या आदिवासींना चेहऱ्यावरून हिणवणारी हाक मारली तर या कायद्याखाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. अडचण अशी होती, की एका राज्यातली अनुसूचित जमात दुसऱ्या राज्यात तशी गणली जात नाही, म्हणून आरोपी त्या आधारावर सुटू पाहत. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने जुलै २०२३मध्ये हा प्रश्न निकाली काढला: या कायद्याचे संरक्षण माणसाच्या मूळ राज्यापुरते नाही, तो देशात कुठेही असला तरी ते त्याच्याबरोबर असते. हा फार मोठा निकाल आहे आणि राज्यातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात तो लावून ठेवला पाहिजे. पण तरी किती जण बाहेर राहतात ते पाहा. मणिपूरचे मैतेई अनुसूचित जमातीत नाहीत. आसामचे आहोम नाहीत. दार्जिलिंगचे बहुतेक नेपाळी भाषक नाहीत. परदेशी विद्यार्थी तर नाहीतच. आणि रस्त्यावर हिणवणारा माणूस समोरच्याचा जातीचा दाखला बघून हिणवत नाही. त्याच्या लेखी सगळे चेहरे एकच असतात. ज्या कारणावरून छळ होतो ते कारण कायद्यात आले पाहिजे, आणि ते कारण आहे चेहरा, रंग, वंश, जन्मस्थान.

महाराष्ट्र हे करू शकतो का? फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे, राज्याला अधिकार आहे. केंद्राच्या कायद्याशी विसंगती असेल तिथे राष्ट्रपतींची संमती लागते, इतकेच. आणि आपण हे आधी केले आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. जातपंचायतींच्या वाळीत टाकण्याविरुद्ध २०१६मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मंजूर केला, राष्ट्रपतींची संमती मिळून तो २०१७मध्ये लागू झाला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. त्या कायद्याचा गाभा पाहिला तर माणसाला घरापासून, सेवांपासून, सार्वजनिक जागेपासून तोडणे हा गुन्हा आहे, असे तो सांगतो. तेच तत्त्व इथे वापरायचे आहे.

नव्या कायद्यात काय असावे, याबद्दल माझा सगळ्यात मोठा आग्रह पोलीस ठाण्यातल्या नोंदीचा आहे. तक्रारदाराने सांगितले की मारण्याआधी किंवा मारताना वंशावरून बोलले गेले, तर ते शब्द जसेच्या तसे प्राथमिक माहिती अहवालात उतरवणे बंधनकारक हवे, आणि न उतरवणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई हवी. लाजपतनगरसारख्या तडजोडी पोलिसांना करता येऊ नयेत. दुभाषा हवा, मिझो किंवा नागा मुलीची तक्रार मराठीत लिहून तिची सही घ्यायची, यात अर्धे सत्य गळून जाते. शिक्षा किती असावी यावर मी अडून बसणार नाही. पहिल्या अपमानाला दंड आणि समाजसेवा, पुन्हा केला तर कैद, असेही चालेल. पण घराच्या बाबतीत सौम्यपणा नको. वंश, जात, धर्म, भाषा किंवा जन्मस्थानावरून भाड्याची जागा नाकारणारा मालक, तसा ठराव करणारी सोसायटी आणि तसे निरोप पोचवणारा एजंट, या तिघांनाही जबाबदार धरावे. सहकारी संस्थांचे निबंधक राज्याच्या हाताखाली आहेत, घरविक्रीच्या एजंटांची नोंदणी महारेरा या राज्याच्या नियामकाकडे होते, तशी भाड्याच्या एजंटांचीही व्हावी. फोनवर ‘त्या साइडची’ म्हणणाऱ्याची नोंदणी रद्द होऊ शकते हे कळले, तर पुढचा फोन वेगळा होईल.

गैरवापर होईल, हा आक्षेप मी गांभीर्याने घेते. प्रत्येक कायद्याचा होतो. पण परक्या शहरात चार वर्षांसाठी आलेली, घरमालकाच्या मर्जीवर राहणारी, पोलिसांची भाषा न येणारी मुलगी खोटी तक्रार करून कोर्टाचे खेटे घालील, ही भीती कोणाच्या मनात आहे? आज ती खऱ्या तक्रारीसुद्धा करत नाही. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. कायद्यात ‘जन्मस्थान’ आणि ‘भाषा’ आली, की उत्तर प्रदेशातून आलेल्या टॅक्सीवाल्याला मारहाण करणारेही त्यात सापडतील, आणि राज्यातल्या काही पक्षांचे राजकारण अडचणीत येईल. हो, येईल. यायला हवे. मुलुंडच्या बाईला न्याय मिळवून देणारे कलम लिहायचे असेल, तर तेच कलम त्या टॅक्सीवाल्यालाही लागू होईल. एकाला लागू आणि दुसऱ्याला नाही असे कलम न्यायालयात एक दिवस टिकणार नाही. मराठीचा आग्रह धरायला, नोकरीत स्थानिकांचा वाटा मागायला हा कायदा आड येत नाही. हात उगारायला आणि दार लावून घ्यायला आड येतो.

सरकारने विधेयक आणले नाही तरी अडत नाही. खासगी विधेयक मांडायला मंत्रिपद लागत नाही. पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या कोणत्याही एका आमदाराने ते मांडावे. मसुद्याची पहिली दोन कलमे बेझबरुआ समितीने २०१४मध्येच लिहून ठेवली आहेत, घराची आणि पोलीस नोंदीची कलमे त्यात घालावी लागतील. विधेयक संयुक्त समितीकडे गेले, तर समितीने मुंबईत मंत्रालयासमोरच्या दालनात न बसता पुण्यात कोंढव्याला, विमाननगरला, मुंबईत कलिन्याला सुनावणी घ्यावी, रविवारी घ्यावी, म्हणजे रात्रपाळीच्या परिचारिका, सलूनमध्ये केस कापणारी मुले, हॉटेलांतले वेटर आणि विद्यापीठातले परदेशी विद्यार्थी येऊन बोलू शकतील. घर शोधताना काय ऐकावे लागले, पोलीस ठाण्यात काय लिहिले गेले आणि काय गाळले गेले, हे त्यांच्याच तोंडून विधिमंडळाच्या कागदावर आले, की ‘आमच्याकडे असे काही नाही’ हे उत्तर सभागृहात देता येणार नाही.